उसन्या टेपरेकॉर्डरवरचे बीटल्स

बीटल्सची निदान चार गाणी येत नाहीत असा गिटार वाजवणारा मुलगा आमच्या गोव्यात सापडणं कठीण. लग्नाच्या रिसेप्शनला बँड असला की तो एकदा तरी त्यांच्याकडे वळतोच. त्यामुळे आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकात त्यांच्यावर पुन्हा लेख कशाला, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला विचारलं. "त्यापेक्षा नाट्यसंगीतावर लिही की," असंही म्हणाली. मी तिला सांगितलं, मी बीटल्सवर लिहीतच नाहीये. मी लिहितोय ते बीटल्स होण्याच्या आधीच्या काही पोरांबद्दल आणि त्यांच्या तीन-चार अतिशय खराब रेकॉर्डिंगबद्दल. ही रेकॉर्डिंग स्टुडिओत झालेली नाहीत. कुणाच्या तरी घरात, चर्चच्या हॉलमध्ये, उसन्या मशीनवर झालेली आहेत. आणि ती आज आहेत ती कुणी दूरदृष्टीने जपली म्हणून नव्हे, तर बहुतेक वेळा कुणीतरी ती टाकून द्यायची विसरला म्हणून.

सुरुवात चर्चपासूनच करतो.

६ जुलै १९५७, शनिवार. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात वूल्टन नावाचा भाग आहे. तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या वार्षिक मेळाव्याचा तो दिवस. तिकडे त्याला गार्डन फेट म्हणतात. आपल्याकडच्या फेस्ताच्या फेरीची थंड हवेतली बहीण समजा. लॉरीवरून मिरवणूक, खाण्याच्या वस्तू, पोलिसांच्या कुत्र्यांचे खेळ, आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये नाच. मिरवणुकीतल्या एका लॉरीवर परिसरातल्या शाळकरी पोरांचा एक बँड उभा होता. त्यांच्या शाळेचं नाव क्वॉरी बँक, म्हणून बँडचं नाव 'द क्वॉरीमेन'. गाणारा मुलगा सोळा वर्षांचा होता, जॉन लेनन.

ते वाजवत होते ते स्किफल. हा प्रकार त्या काळात ब्रिटनमध्ये तापासारखा पसरला होता, कारण त्याला पैसे लागत नव्हते. एक स्वस्त गिटार, कपडे घासायची पत्र्याची पाटी आणि चहाच्या लाकडी खोक्याला झाडूचा दांडा नि दोरी लावून केलेला बास. लॉनी डोनेगन हा त्या प्रकारातला राजा. त्याची गाणी हजारो पोरं घरोघरी वाजवत होती, त्यातलाच हा एक बँड.

त्या दिवशी एका मित्राने पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीला हे ऐकायला आणलं होतं. हॉलमध्ये पॉलने गिटार उचलून एडी कॉक्रनचं एक अवघड गाणं सगळ्या शब्दांसकट वाजवून दाखवलं आणि जॉन चाट पडला. ही भेट आता इतक्यांदा सांगून झाली आहे की तिची दंतकथा झाली आहे. पण कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट पुढची. त्याच संध्याकाळी त्या हॉलमध्ये बॉब मॉलिन्यू नावाचा चर्चच्या युवक मंडळातला एक मुलगा आपला ग्रुंडिग कंपनीचा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्याने रंगमंचासमोर मायक्रोफोन धरला आणि क्वॉरीमेनची गाणी टेप केली. म्हणजे ज्या दिवशी विसाव्या शतकातले हे दोन गीतकार भेटले, त्या दिवसाचा आवाज शिल्लक आहे. असं योगायोगाने घडतं तेव्हा कादंबरीकाराला कुणी माफ करत नाही, इथे मात्र खरंच घडलं.

मॉलिन्यू पुढे पोलीस झाला. १९६३ मध्ये, बीटल्सचा बोलबाला सुरू झाल्यावर, त्याने रिंगो स्टारकरवी जॉनला ही टेप देऊ केली. उत्तर आलं नाही. टेप राहिली ती राहिलीच. निवृत्तीनंतर त्याला ती पुन्हा सापडली आणि १९९४ साली लंडनच्या सदबीजच्या लिलावात ती ७८,५०० पौंडांना गेली. विकत घेतली ती ईएमआयने, म्हणजे बीटल्सच्याच रेकॉर्ड कंपनीने. टेपवर दोन गाणी टिकली आहेत. एक डोनेगनच्या गाण्याची नक्कल, दुसरं एल्व्हिसच्या.

आता थोडं मशीनबद्दल बोलू या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या वयाच्या अनेकांनी कॅसेट पाहिली असेल, स्पूलची टेप मात्र बहुधा सिनेमातच. प्लास्टिकची पाव इंच रुंद पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी लेप. ही पट्टी एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जाते आणि मध्ये लागणाऱ्या हेडमुळे त्या लेपातल्या कणांवर चुंबकीय खुणा उमटतात. त्या खुणा म्हणजे आवाज. मशीन एवढं महाग, की कामगाराच्या घरात ते घ्यायचं तर कित्येक आठवड्यांचा पगार घालावा लागे. टेपही स्वस्त नव्हती. पण टेपची गंमत अशी की ती पुन्हा वापरता येते. रेकॉर्डचं बटण दाबलं की पट्टी आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग लिहिणाऱ्या हेडवरून. म्हणजे नवीन भरायचं तर जुनं आपोआप जातं, तुम्ही ते पुसायचं ठरवलेलं असो वा नसो. पाटीवरचं गणित पुसून दुसरं लिहावं तसं.

त्यामुळे घरगुती टेपचा नैसर्गिक शेवट म्हणजे पुसलं जाणं. बापाने विकत घेतलेल्या टेपवर पोराने आज गाणी भरली, तर पुढच्या रविवारी त्याच टेपवर रेडिओवरचा कार्यक्रम जाणार. किती बँड त्या वर्षी किती मशीनांसमोर गायले असतील आणि रविवारपर्यंत नाहीसे झाले असतील, त्याचा हिशेब कुणाकडे नाही.

वर्षभराने, १९५८ च्या जुलैत, या पोरांनी स्वतः पैसे जमवून रेकॉर्डिंग केलं. तोपर्यंत पॉल बँडमध्ये आला होता आणि त्याने जॉर्ज हॅरिसनला आणलं होतं. सोबत ड्रमवर कॉलिन हँटन आणि पियानोवर डफ लोव. लिव्हरपूलच्या केन्सिंग्टन रस्त्यावर ३८ नंबरच्या घरात पर्सी फिलिप्स हे गृहस्थ छोटा स्टुडिओ चालवत. राहत्या घरातलाच, त्यामुळे याला घरगुतीच म्हटलं पाहिजे. एका बाजूला बडी हॉलीचं 'दॅटल बी द डे', दुसऱ्या बाजूला पॉल आणि जॉर्जच्या नावावर असलेलं त्यांचं स्वतःचं गाणं, 'इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर'. दोन्हीत मुख्य आवाज जॉनचा. खर्च साडेसतरा शिलिंग. त्याच महिन्याच्या १५ तारखेला जॉनची आई रस्त्यावर गाडीखाली सापडून गेली. हे रेकॉर्डिंग ऐकताना ही तारीख डोक्यातून काढता येत नाही, निदान मला तरी.

मिळाली ती एकच तबकडी. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर असलेली. अशा तबकडीवर सुई जितक्यांदा फिरते तितक्यांदा ती झिजते, त्यामुळे ऐकणं म्हणजेच संपवणं. पाच जणांनी ती आठवडा-आठवडा आपापल्या घरी न्यायचं ठरवलं. आठवडे फिरत फिरत ती डफ लोवकडे पोचली आणि तिथेच थांबली, कारण त्यानंतर तो बँडमधूनच बाहेर पडला. पुढची तेवीस वर्षं ती त्याच्या घरी. पॉलने ती १९८१ मध्ये त्याच्याकडून विकत घेतली आणि पन्नासेक प्रती काढून मित्रांना वाटल्या. सर्वसामान्यांना ती ऐकायला मिळाली १९९५ मध्ये, 'अँथॉलॉजी' मालिकेच्या पहिल्या भागात.

मला सगळ्यात जास्त ओढ मात्र तिसऱ्या रेकॉर्डिंगची. १९६० सालच्या टेपांची.

त्या वर्षीच्या वसंतात बँडमध्ये चार जण होते. जॉन, पॉल, जॉर्ज आणि जॉनचा आर्ट कॉलेजमधला मित्र स्टुअर्ट सटक्लिफ. स्टुअर्ट मुळात चित्रकार. त्याचं एक चित्र प्रदर्शनात विकलं गेलं आणि मित्रांनी त्याला त्या पैशातून बास गिटार घ्यायला लावली. त्याला ती वाजवता येत नव्हती ही बाब दुय्यम मानली गेली. ड्रमर नव्हताच. आयोजकांनी विचारलं तर ताल गिटारमध्येच आहे असं सांगून वेळ मारून नेत. ड्रमर पीट बेस्ट ऑगस्टमध्ये आला. तो आपल्या मद्रासला जन्मलेला, १९४१ सालचा, पण या टेपांवर तो नाही.

पॉलचं घर फोर्थलिन रोडवर, नंबर २०. नगरपालिकेने बांधलेल्या चाळवजा रांगेतलं छोटं घर, आता ते नॅशनल ट्रस्टने वारसा म्हणून जपलं आहे. आई वारलेली, वडील दिवसभर कामावर. घर रिकामं असलं की पोरं जमायची. पॉलने पुढे आठवण सांगितली आहे की कुणाकडून तरी ग्रुंडिग मशीन उसनं मिळायचं, त्याच्यावर एक हिरवा डोळा असायचा. हा डोळा म्हणजे एक लहानशी काचेची नळी. आवाज मोठा झाला की तिच्यातला हिरवा उजेड मिटत जातो, लहान झाला की उघडतो. आवाज फाटतोय की नाही ते त्यावर कळायचं. चार पोरं, एक माइक आणि एक मिचमिचणारा हिरवा डोळा, एवढाच स्टुडिओ.

यातली तीन रेकॉर्डिंग 'अँथॉलॉजी'मध्ये अधिकृतपणे आली. पहिलं रे चार्ल्सचं गाणं, दुसरं 'यू'ल बी माइन' आणि तिसरं 'कायेन' नावाची शब्द नसलेली धून. बाकीचा बराच मोठा भाग कंपनीने बाहेर काढलेला नाही. संगीताचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये त्याच्या प्रती फिरत आल्या आहेत.

पहिल्यांदा ऐकताना माझी सरळ निराशा झाली. सूर धड लागत नाही, बास कुठेतरी लांब गुरगुरतोय, खोली घुमतेय. 'यू'ल बी माइन' तर चक्क टिंगल आहे. जुन्या गायकांच्या ढंगात मुद्दाम जाड, नाटकी आवाज काढलेला, मध्येच गंभीरपणे बोललेला मजकूर, आणि एकूण आविर्भाव आपल्या गॅदरिंगला पोरं जुन्या नटांची नक्कल करतात तसा. टेपचा बराच भाग नुसत्या वाजवण्याने भरलेला आहे. तेच स्वरचक्र मिनिटामागून मिनिटं फिरत राहतं, कुठेच पोचत नाही. अंकासाठी ऐकायचं म्हणून मी ते पूर्ण ऐकलं, एरवी पाचव्या मिनिटाला बंद केलं असतं.

दुसऱ्यांदा ऐकताना मात्र मी आमच्या गायनाच्या सरांच्या शिकवणीसारखं ऐकलं. सर म्हणतात, रियाज ऐकायचा तर गाणं ऐकू नको, गवई कुठे थांबतो ते ऐक. त्या कानांनी ऐकलं तर त्या लांबच लांब वाजवण्यात एक गोष्ट जाणवते. जॉर्ज सतरा वर्षांचा आहे आणि तो तीच जागा पुन्हा पुन्हा घेऊन पाहतोय. चुकतोय, परत येतोय. कुणी थांबवत नाही. ताल सोडून गेला तरी बाकीचे धरून ठेवतात. पुढे याच पोरांनी हॅम्बुर्गच्या नाइटक्लबांत रात्र-रात्र वाजवलं आणि तिथून ते तयार होऊन आले, असं आपण पुस्तकांत वाचतो. पण हॅम्बुर्गला जाण्याआधीच तासन्‌तास वाजवायची सवय, किंवा म्हणा खोड, त्यांना लागलेली होती. हे कुठल्याच पुस्तकापेक्षा ही कंटाळवाणी टेप जास्त चांगलं सांगते.

आणि याच टेपांमध्ये दोन ओळखीची गाणी अचानक भेटतात. 'आय'ल फॉलो द सन' हे १९६४ च्या डिसेंबरात आलेल्या अल्बमवरचं, हळवं, शांत गाणं. इथे ते चार वर्षं आधी आहे, जास्त जलद, आणि मधला तुकडा पूर्ण वेगळा. दुसरं 'वन आफ्टर ९०९'. ते तर १९६९ च्या जानेवारीत लंडनमधल्या त्यांच्या कचेरीच्या गच्चीवर वाजवलं गेलं आणि १९७० च्या शेवटच्या अल्बममध्ये आलं. म्हणजे बँड मोडायला आला तेव्हा ते परत गेले ते या खोलीतल्या गाण्याकडे. शेवटच्या गच्चीवरच्या वादनात तो जो पोरकट आनंद ऐकू येतो, त्याचं कारण मला फोर्थलिन रोडची टेप ऐकल्यावर कळलं.

या टेपा टिकल्या त्याची वाटही गमतीची. एक टेप स्टुअर्टने हॅम्बुर्गला आपल्या प्रेयसीला, छायाचित्रकार अॅस्ट्रिड किर्शहेरला दिली. स्टुअर्ट १० एप्रिल १९६२ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, अवघ्या एकवीस वर्षांचा. टेप तिच्याकडे राहिली, आणि ती ठेवण्याचं कारण बीटल्स नव्हते, हे उघड आहे. त्याच्या हातचं वाजवणं ज्यात आहे अशा वस्तू जगात फार थोड्या. दुसरी टेप ज्या कुटुंबाचं मशीन उसनं आणलं होतं त्यांच्याच घरी पडून राहिली. मशीन परत केलं, टेप त्यावरच होती, इतकं साधं. अनेक वर्षांनी ती घरच्यांना सापडली आणि पॉलने ती विकत घेतली.

अशी टेप सापडली की ती खरी कशावरून, आणि कधीची, हे ठरवायचं कसं? डब्यावर लिहिलेली तारीख सगळ्यात कमी विश्वासाची, कारण डबे बदलतात. जास्त भरवसा आत जे आहे त्याचा. रे चार्ल्सचं ते गाणं इंग्लंडमधल्या पोरांनी ऐकलं ते एडी कॉक्रनच्या रेकॉर्डवरून, आणि ती रेकॉर्ड तिथे १९६० च्या जानेवारीत आली. पॉलने स्वतः म्हटलं आहे की त्याच्याकडे कॉक्रनचीच रेकॉर्ड होती. म्हणजे टेप त्याच्या आधीची नाही. बास ऐकू येतोय, म्हणजे स्टुअर्ट आला आहे. ऑगस्टमध्ये तर सगळे हॅम्बुर्गला गेले. दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं की मधलं शेत दिसतं. आपल्या इतिहासाच्या सरांनी पोथीची कालनिश्चिती शिकवली होती, तीच ही पद्धत. पोथीत कुणाचा उल्लेख आहे आणि कुणाचा नाही.

आणखी एक साक्षीदार असतो, विजेचा. घरातल्या विजेवर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये एक बारीक गुणगुण रेकॉर्ड होते. इंग्लंडची वीज आपल्यासारखीच सेकंदाला ५० आवर्तनांची. टेप वाजवल्यावर ती गुणगुण ५० ऐवजी ४७ वर आली तर समजायचं की मशीन हळू फिरतंय आणि सगळे सूर तितकेच उतरलेत. मग वेग दुरुस्त करून मूळ पट्टी काढता येते. ज्या गुणगुणीला आपण दोष म्हणतो तीच मोजपट्टी ठरते, हे मला फार आवडलं.

मात्र टेप हाती लागल्यावर ती लगेच वाजवून पाहायची नसते. काही जुन्या टेपांचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. तो वर्षांनुवर्षं ठिसूळ होतो आणि बिघडायला लागला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. नंतरच्या काळातल्या काही टेपांचा चिकटवणारा लेप दमटपणा शोषून गिळगिळीत होतो आणि हेडला चिकटून निघून येतो. लेप गेला म्हणजे आवाज गेला. कोरड्या, थंड देशात हे हळू होतं. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि भिंतीला ओल. गोव्यात टेपचा खरा शत्रू बुरशी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे आजोबा गावच्या देवळात भजनाला पेटी वाजवायचे, गावच्या नाटकांनाही. त्यांच्या बारा कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक दात असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही, आणि मोडलेल्या जागी सेलोटेप लावली की परत भरता येतं. विकतच्या कॅसेटचे दात मुळातच मोडलेले. आजोबांनी बारापैकी सात ठिकाणी सेलोटेप लावून सिनेमाच्या गाण्यांवर भजनं भरली आहेत. आणि नंतर काकांनी त्यातल्या दोनांवर पुन्हा सिनेमाची गाणी भरली आहेत. चवथीच्या साफसफाईत आई दरवर्षी म्हणते, "हा डबा भंगारात घालू या गो." आजी दरवर्षी म्हणते, "माझ्या मागे घाला." एका कॅसेटवर गाण्यांच्या मधल्या जागेत, चार-पाच सेकंद, पेटी ऐकू येते. काकांनी बटण उशिरा दाबलं म्हणून.

पुन्हा लिव्हरपूलकडे येतो, कारण एक प्रश्न राहिला. अशी टेप कुणाची? ज्याच्या मशीनवर झाली त्याची, ज्याच्या कपाटात सापडली त्याची, की जे गायले त्यांची?

टेप नावाची वस्तू ज्याच्याकडे आहे तो ती विकू शकतो. मॉलिन्यूने विकली, डफ लोवने विकली. पण तिच्यातलं गाणं छापून बाजारात आणायचं तर ते वाजवणाऱ्यांचं आणि ज्यांनी लिहिलं त्यांचं. दोन्ही वेगळी. या फरकावरून मोठं भांडण झालं ते १९६२ च्या डिसेंबरातल्या हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमधल्या टेपांवरून. टेड टेलर या लिव्हरपूलच्याच गायकाच्या मशीनवर, घरगुती पद्धतीने एका माइकवर त्या भरल्या गेल्या होत्या. १९७७ मध्ये त्यांचा दोन तबकड्यांचा अल्बम निघाला. टेलरचं म्हणणं, जॉनने बिअरच्या मोबदल्यात तोंडी परवानगी दिली होती. १९९८ मध्ये लंडनच्या न्यायालयात जॉर्ज हॅरिसन स्वतः साक्षीला उभा राहिला, आणि दारू प्यालेल्या एकाने दारू प्यालेल्या दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग करणं म्हणजे करार होत नाही, अशा अर्थाचं बोलला. टेपांचा ताबा बीटल्सना मिळाला.

कायद्याच्या बाजूने मला यात शंका नाही. पण रसिक म्हणून मन दोन्हीकडे ओढतं. आपल्याकडे शास्त्रीय संगीतात खाजगी मैफलींची रेकॉर्डिंग श्रोत्यांनीच केली, श्रोत्यांनीच जपली, कित्येकदा कलाकाराच्या नकळत. आमच्या केरीच्या केसरबाई केरकर रेकॉर्डिंगच्या बाबतीत किती कडक होत्या ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा नकार मानायचा की पुढच्या पिढीच्या कानांचा विचार करायचा? कलाकाराने दार लावून केलेला रियाज बाहेर आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं आमचे गायनाचे सर स्पष्ट सांगतात. मी त्यांच्याशी अर्धाच सहमत. बाजारात आणू नये हे ठीक, पण अभ्यासासाठी ते कुठेतरी ऐकायला मिळावं. फोर्थलिन रोडची ती कंटाळवाणी टेप विकण्यासारखी नाहीच, पण शिकण्यासारखी आहे.

शोध अजून संपलेला नाही. २०२३ मध्ये बीबीसीच्या एका पत्रकाराने स्टो नावाच्या निवासी शाळेतली टेप उजेडात आणली. ४ एप्रिल १९६३ ला बीटल्स तिथे वाजवायला आले होते आणि पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आपल्या नव्या टेपरेकॉर्डरवर तासाभराचा कार्यक्रम भरून घेतला. साठ वर्षं त्याने तो ठेवला. ब्रिटनमधला त्यांचा पूर्ण कार्यक्रम इतक्या आधीचा दुसरा हाती नाही. विशेष म्हणजे श्रोते शाळेतली मुलं, त्यामुळे नंतरच्या कार्यक्रमांत गाणं बुडवून टाकणारा तो किंकाळ्यांचा पूर इथे नाही. चक्क गाणं ऐकू येतं.

त्याच २०२३ च्या नोव्हेंबरात 'नाऊ अँड देन' हे गाणं आलं. जॉनने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या घरी पियानोवर बसून साध्या कॅसेटवर ते भरलं होतं. १९९५ च्या सुमारास बाकीच्या तिघांनी त्यावर काम सुरू केलं आणि सोडून दिलं, कारण आवाज पियानोत आणि गुणगुणीत अडकला होता. पुढे पीटर जॅक्सनच्या चमूने तयार केलेल्या सॉफ्टवेअरने जॉनचा आवाज पियानोपासून सोडवून स्वच्छ काढला.

वूल्टनची टेप ईएमआयने घेतली खरी, पण 'अँथॉलॉजी'त ती घातली नाही, आवाज फारच वाईट म्हणून. तिचे तुकडे लोकांनी ऐकले आहेत, पूर्ण टेप अधिकृतपणे अजून आलेली नाही. १९५७ च्या त्या हॉलमधल्या माइकने गाण्याबरोबर नाचणाऱ्यांची गडबडही टिपली. आता गाण्यातून गडबड वेगळी काढता येते, आणि तसंच गडबडीतून गाणंही बाजूला ठेवता येतं. पॉल त्या संध्याकाळी हॉलमध्येच होता.